जुलैमधील श्रीलंका: मार्ग कसा आखावा?

प्रश्न: बारा दिवसांत सिगिरिया (खडकावरील प्राचीन किल्ला), कँडी, श्रीपाद (ॲडम्स पीक हे तीर्थशिखर), एल्ला आणि अरुगम बे असा क्रम योग्य ठरेल का?

उत्तर १: श्रीपाद वगळावे. तेथील यात्राकाळ डिसेंबर ते मे असतो. जुलैत नैर्ऋत्य मोसमी पावसाने २,२४३ मीटर उंचीच्या त्या शिखराच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि रात्री वाटेवर दिवेही नसतात.

उत्तर २: सहमत आहे. याच काळात पूर्व किनारा मात्र कोरडा असल्याने, वाचलेले दिवस अरुगम बे येथे लाटांवरील सर्फिंगसाठी ठेवावेत. सिगिरियाजवळच्या मिन्नेरिया तलावाकाठी जमणारे हत्तींचे कळप चुकवू नयेत. माझ्या मते, सिगिरियाच्या चढाईपेक्षाही ते दृश्य सरस आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. श्रीपाद वगळतो.