वेचणीच्या हंगामातही योगवर्ग टिकवायचा आहे: ४० मिनिटांत काय घ्यावं, आणि बदल कशात बघावा?

बोरीकाठ

राम राम मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मारुतीच्या सभामंडपात रोज पहाटे योगवर्ग सुरू करतोय. नावं आलीत २२, त्यात बाया ९. वय ३० ते ६२. बहुतेक शेतकरी आणि मजूर, दोन दुकानदार, एक एसटीचे वाहक. तक्रारी सगळीकडे असतात त्याच: कंबर, गुडघे, पोटात गॅस, झोप नाही. तिघांना बीपीची गोळी आहे, दोघांना शुगर.

२१ जूनला सतरंज्या पुरत नाहीत, निंदणीला अर्धी माणसं उरतात आणि दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की वर्ग बंद, असं बऱ्याच गावांत होतं. ते टाळायचं आहे. ४० मिनिटांत काय आणि कोणत्या क्रमाने घ्यावं? कुणाला काय देऊ नये? आणि ‘योगाने आयुष्य बदलतं’ असं लोकांना सांगायचं, तर तो बदल कशात बघायचा, किती दिवसांनी?

---

तापीथडी (योगशिक्षक)

जिभाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण वर्ग टिकणं त्याच्यावरच आहे. लोक बदल शोधतात पायाचा अंगठा धरता येतो का यात. चाळिशीच्या शेतकऱ्याला तो वर्षभर येणार नाही, म्हणून महिन्याभरात तो नाद सोडतो. बदल आधी श्वासात येतो, मग झोपेत, मग जेवणात, मग बोलण्यात. शरीराचा लवचिकपणा सगळ्यात शेवटी.

पहिल्याच दिवशी वहीत प्रत्येकाच्या नावापुढे चार गोष्टी लिहा. पाच मिनिटं शांत बसवून मग मिनिटाला किती श्वास होतात (मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २०). एका पायावर डोळे उघडे ठेवून किती सेकंद उभं राहता येतं. मांडी घातलेल्या स्थितीतून उठताना हात टेकावा लागतो का. आणि अंथरुणावर पडल्यावर झोप यायला अंदाजे किती वेळ लागतो. दर सहा आठवड्यांनी हेच पुन्हा मोजा. श्वास १८ वरून १३ वर आलेला आकडा वहीत दिसला की माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

तुम्ही अमळनेरचे, म्हणून मुद्दाम सांगतो. १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद त्याआधी अमळनेरला शिक्षणाचं काम करत होते. आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो हे यंत्रांनी मोजून बघायची वाट त्यांनी घातली. वही ठेवणं म्हणजे त्याच वाटेवरचं लहान पाऊल आहे.

आता श्वास आधी का ते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. म्हणून सोडणं लांबवलं की शरीराला ‘धोका नाही, आता विसावा’ असा निरोप जातो. चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. दहा सेकंदांचा एक फेरा, मिनिटाला सहा. रोज आठ-दहा मिनिटं. नाकानेच, आवाज न करता, खांदे न उचलता. एक हात बेंबीवर ठेवा: घेताना पोट पुढे, सोडताना आत. अर्ध्या लोकांचं सुरुवातीला उलटं होतं, कारण जोर लावताना पोट आत ओढायची सवय असते. अशांना उताणं झोपवून पोटावर तांब्या ठेवायला सांगा. तांब्या वर जातोय की खाली, ते त्यांना स्वतःलाच दिसतं.

रागीट माणसात लोकांना जो बदल दिसतो, तो इथून येतो. शब्द तोंडातून जायच्या आधी एक लांब श्वास सोडायची सवय लागते, आणि तेवढ्या चार-सहा सेकंदांत बांधावरचं भांडण टळू शकतं. हे उपदेशाने होत नाही, रोजच्या सरावानेच होतं.

४० मिनिटांचा क्रम: ३ मिनिटं बसून नुसता श्वास बघणं. ७ मिनिटं सांध्यांच्या हालचाली (मान, खांदे, मनगट, घोटे, मान गोल फिरवायची नाही, फक्त डावी-उजवी आणि खाली-वर). ८ मिनिटं उभ्याने: ताडासन, कटिचक्रासन, त्रिकोणासन, भिंतीजवळ वृक्षासन. ८ मिनिटं पालथं आणि उताणं: मकरासन, भुजंगासन, एकेका पायाचं शलभासन, सेतुबंधासन. मग ८ मिनिटं प्राणायाम आणि शेवटी ६ मिनिटं शवासन. वेळ कमी पडली तर आसनं कापा, शवासन कापू नका. घाईत शवासन सोडून निघालेला माणूस वर्गातून दमून जातो, ताजा होऊन जात नाही.

सूर्यनमस्कार तिसऱ्या आठवड्यापासून, उभ्याच्या आसनांऐवजी. तीनने सुरुवात, आठवड्याला एक वाढवा, बारावर थांबा. तरुणांनी पहिल्याच दिवशी पन्नास घातले की चौथ्या दिवशी मनगट आणि खांदा धरून बसतात.

---

कणा_कंबर (फिजिओथेरपिस्ट, धुळे)

क्रम चांगला आहे. मी फक्त कंबरेचं सविस्तर लिहितो, कारण कापूस वेचणाऱ्याची कंबर आणि दुकानात बसणाऱ्याची कंबर एका औषधाने बरी होत नाही.

वेचणीत माणूस ओटी (वेचलेला कापूस टाकायची कमरेची झोळी) बांधून तासन् तास पुढे झुकलेला असतो. मणक्यांमधल्या गाद्यांवर पुढच्या बाजूने दाब येतो आणि मागचे स्नायू सतत ताणलेले राहतात. अशा माणसाला पहाटे उठवून पश्चिमोत्तानासन दिलं तर दुखण्यावरच भार टाकला. त्यात झोपेत या गाद्या पाणी शोषून फुगतात; उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकणं त्यांना सगळ्यात जड जातं. म्हणून तुमच्या वर्गात पुढे वाकणं कमीत कमी ठेवा. सूर्यनमस्कारातही हस्तपादासनात गुडघे वाकवूनच खाली जाऊ द्या.

मांडीच्या मागची शीर आखडलेली असेल तर उताणं झोपून एका तळपायाला उपरणं अडकवा, दुसरा गुडघा वाकवून पाऊल जमिनीवर, आणि पाय हळूहळू वर. ३० सेकंद, दोन वेळा. कंबर जमिनीला टेकलेली राहते, म्हणून ताण हवा तिथेच येतो.

भुजंगासन इथे सगळ्यात कामाचं, आणि सगळ्यात जास्त चुकणारं. तळवे छातीच्या बाजूला, कोपर बरगड्यांना लागलेले, बेंबी जमिनीवर. छाती पाठीच्या ताकदीने उचलायची. तपासायचं कसं? वर गेल्यावर तळवे बोटभर उचला. छाती धपकन खाली आली तर हातांनी ढकलत होतात. तेवढंच उचला जेवढं हातांशिवाय टिकतं, मग ते चार बोटं का असेना. पाच श्वास, तीन वेळा. मान मागे फेकायची नाही, नजर समोरच्या जमिनीवर.

दुखणं पायात उतरत असेल तर एक खूण लक्षात ठेवा. भुजंगासनाने पायातली कळ मागे सरकून कंबरेत गोळा होत असेल तर दिशा बरोबर आहे. कळ गुडघ्याखाली आणखी उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील किंवा पाऊल उचलताना ढिलं पडत असेल, तर वर्ग थांबवून डॉक्टरकडे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना.

आणि शेतात: ओटी रिकामी करायला बांधावर याल तेव्हा दोन्ही हात कंबरेवर ठेवून दहा वेळा मागे झुका. अर्धा मिनिट लागतो. वेचणीच्या दिवसांत सभामंडपात येणं जमलं नाही तरी ही सवय सोडू नका, हाच त्या महिन्यांतला योग समजा. केळीचे घड खांद्यावर वाहणाऱ्यांनी दोन्ही खांदे आलटून-पालटून वापरायचे आणि संध्याकाळी मान-खांद्याच्या हालचाली करायच्या.

गुडघे झिजलेत त्यांना वज्रासनाचा आग्रह नको. टाच आणि बैठक यांच्यामध्ये घडी घातलेली गोधडी ठेवा. तरीही दुखलं तर खुर्चीवर बसवा, प्राणायामाचा फायदा तितकाच मिळतो.

---

गिरणेची_लेक

वर्गाच्या वेळेबद्दल कुणी बोललं नाही. पहाटेचा वर्ग हा पुरुषांच्या सोयीचा असतो. वेचणीला जाणाऱ्या बाईची भाकरी-भाजी त्याच वेळी चुलीवर असते. तुमच्या ९ जणी दिवाळीपर्यंत टिकायच्या असतील तर ऑक्टोबर ते जानेवारी त्यांचा वर्ग संध्याकाळी ठेवा, घरी पोचून हातपाय धुतल्यावर आणि स्वयंपाकाला लागण्याआधी. २० मिनिटं पुरे: मकरासन, भुजंगासन, उपरणं लावून पाय, लांब श्वास, शवासन. दमलेल्या अंगाला यापेक्षा जास्त देऊच नका.

गरोदर बाईला कपालभाती, पालथी आसनं आणि श्वास रोखणं पूर्ण बंद. अंग बाहेर येण्याचा (गर्भाशय खाली सरकण्याचा) त्रास आहे किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतं झालंय तिलाही कपालभाती नाही. हे चारचौघांत विचारलं तर कुणी सांगणार नाही, बाईनेच बाजूला घेऊन विचारावं. पाळीत तिला झेपेल तेवढंच, लांब श्वास आणि शवासन तर नक्की.

उन्हाळ्याचंही आत्ताच ठरवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो आणि स्लॅबचा सभामंडप रात्रभर तापलेलाच असतो. वर्ग सव्वापाचला सुरू करून सहाच्या आत संपवा, सूर्यनमस्कार निम्मे करा, भस्त्रिका (जोरजोरात श्वास घेणं-सोडणं) बंद. शीतली १० फेरे: जिभेची नळी करून श्वास आत, तोंड मिटून नाकाने बाहेर. जिभेची नळी होत नाही त्यांनी दात जुळवून सीत्कारी करावी. मात्र हवेत धूळ असेल, जिनिंगजवळ कापसाचा तूस उडत असेल किंवा दमा असेल तर दोन्ही नको, कारण तोंडाने घेतलेला श्वास नाकासारखा गाळला जात नाही. थंडीत शहाबादी फरशीवर नुसती सतरंजी पुरत नाही, खाली घोंगडी हवी.

---

बोरीकाठ

खूप आभार. दोन अडचणी. लोक कपालभाती १५ मिनिटं मागतात, टीव्हीवर बघितलंय म्हणतात. आणि आठवडा-आठवडा शेतातल्या पाण्याच्या मोटारीला रात्रीची लाईट असते, तेव्हा माणूस पहाटे पाणी देऊन येतो. त्याने काय करायचं?

---

तापीथडी

कपालभाती: २० धक्के, मग साधा श्वास, असे तीन फेरे. महिन्याने ४० धक्के. त्यापुढे गावच्या वर्गात गरज नाही. धक्का बेंबीखालून, श्वास फक्त बाहेर टाकायचा, आत तो आपोआप येतो. लोक आतही जोराने ओढतात. मग रक्तातला कार्बन डायऑक्साइड फार उतरतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, हाताला मुंग्या येतात. काहींना ती ‘शक्ती जागी झाली’ वाटते. तसं नाही, तिथे थांबायचं. बीपी, हर्निया, काचबिंदू, फिट येणं, हृदयविकार यांपैकी काही असेल त्याला कपालभाती नाही. बीपीवाल्या तिघांना श्वास रोखणं आणि डोकं खाली पाय वर हेही नाही. गोळी बंद करायचा सल्ला वर्गात कुणीही देऊ नये, मोजमाप सुधारलं तरी तो निर्णय डॉक्टरचाच.

शुगरवाल्या दोघांना इन्सुलिन किंवा गोळी चालू असेल तर अगदी उपाशी आणू नका. हात थरथरले, घाम फुटला तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटं बसवा. साखरेचा डबा सभामंडपातच ठेवा.

रात्रीच्या पाण्यावरून आलेल्या माणसाने वर्गाला येऊ नये. त्याने झोपावं. झोप मोडून केलेल्या आसनाचा उपयोग नाही. उठल्यावर, जेवायच्या आधी, दहा मिनिटं चार-सहाचा श्वास आणि भुजंगासन करावं, म्हणजे दिवस मोडत नाही. वहीत त्याचीही हजेरी लावा. घरी केलेली हजेरी मोजली की लाईटीचा आठवडा संपल्यावर माणूस परत येतो.

जेवणाचं राहिलं. रात्री साडेनऊला तर्रीदार शेवभाजी खाऊन पहाटे पवनमुक्तासन करणाऱ्याचा गॅस जाणार नाही. झोपायच्या आधी दोन-अडीच तास जेवण उरकतं का, एवढंच पंधरा दिवस बघायला सांगा. वर्गाआधी अर्धा कप चहा चालेल, वीस मिनिटं आधी.

---

बोरीकाठ

वही आणि साखरेचा डबा आणला. बायांचा संध्याकाळचा वर्ग कोण घेईल ते रविवारी ठरवतो. चौघांच्या श्वासाची मोजणी झाली: १७, २१, १९, १६. २१ वाले दुकानदार आहेत, त्यांना तांब्याचा प्रयोग उद्यापासून.