२०२५ चा एनबीए बास्केटबॉलचा एमव्हीपी (सीझनचा बेस्ट प्लेअर) शे गिल्जस-अलेक्झांडरला बरोबर गेला का जोकिचवर अन्याय झाला?

तर्रीवाला_४४:
भाऊ लोक, विषय जुना आहे माहीत आहे, पण काल शिवाजीनगरच्या ग्राउंडवर परत यावरूनच जुंपली म्हणून विचारून राहिलो. २०२४-२५ ला डेन्व्हरच्या जोकिचची सरासरी २९.६ पॉइंट, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट. अख्ख्या सीझनचा ट्रिपल डबल, म्हणजे तिन्हीत सरासरी दहाच्या वर! आधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन अन वेस्टब्रुक, ते दोघं गार्ड, हा तर सेंटर, बास्केटखालचा उंच गडी आहे बे. तरी पहिल्या नंबरची ७१ मतं ओक्लाहोमाच्या शेला अन याले २९?
मिनेसोटाची ती मॅच आठवा, आपल्याकडे २ एप्रिलची सकाळ, मी पोह्याची प्लेट घेऊन बसलो तर डबल ओव्हरटाइमपर्यंत पोहे गार अन तर्रीवर तेलाची साय. ६१ पॉइंट, १० रिबाउंड, १० असिस्ट. अन शेवटी वेस्टब्रुकनं (तेव्हा तो डेन्व्हरचाच) लेअप, म्हणजे बास्केटजवळचा सोपा शॉट घालवला, वरून तीन पॉइंटचा शॉट मारणाऱ्याला फाउल केला, १३९-१४० नं हरले. आता यात जोकिचनं काय करायचं होतं?

जामठा_एंड:
आकडे मस्तच आहेत पण टीम पाहा ना. ओक्लाहोमा ६८-१४, डेन्व्हर ५०-३२. अठरा मॅचचा फरक आहे, अन तेही ओक्लाहोमाचा चेट होल्मग्रेन हिप फ्रॅक्चर होऊन फक्त ३२ मॅच खेळला असताना. शे ३२.७ नं लीगमध्ये टॉप स्कोरर. जिंकून देणाऱ्याले नाही तर कोणाले द्यायचा? आपल्या विदर्भानं त्याच सीझनला रणजी जिंकली, हर्ष दुबेनं ६९ विकेट घेतल्या, मालिकावीर झाला, कोणी भांडलं का?

हूपर_धरमपेठ:
शे म्हणजे रेफ्रीचा जावई 😂 जरा हात लागला की पडला. मॅचमागे फाउलचे जवळपास नऊ फ्री थ्रो.

तर्रीवाला_४४:
@जामठा_एंड रणजीचं कुठं आणलं, यश राठोडनं ९६० रन केले तो पण आपल्याच टीमचा ना, तिथं दोघंही जिंकलेलेच होते. अन जिंकायचंच पाहायचं तर २०१७ ला वेस्टब्रुकला ४७ विजयांवर कसा दिला? तेव्हा तो पण ओक्लाहोमाचाच. तेव्हा ट्रिपल डबल चालला, आता काऊन नाही?

जामठा_एंड:
तेव्हा ५५ वर्षांनी कोणी केला होता म्हणून सगळे हबकले. आता सवय झाली. अन जोकिचकडे तीन आहेत आधीच, २०२१, २०२२, २०२४, मत देणारे पत्रकार पण माणसंच आहेत, कंटाळतात.

हूपर_धरमपेठ:
हाच तर अन्याय झाला ना मग! कंटाळा आला म्हणून देत नाही हे काय कारण झालं? करीम अब्दुल-जब्बारला सहा दिले तेव्हा नाही आला कंटाळा.
फ्री थ्रोचं मात्र मागं घेतो थोडं, काल रात्री जुने क्लिप पाहिले, शेचा तो मिडरेंजचा थांबून मारलेला शॉट कोणाच्या बापाला अडवता येत नाही.

जामठा_एंड:
प्लेऑफच्या सातव्या मॅचमध्ये ओक्लाहोमानं डेन्व्हरला १२५-९३ नं धुतलं, शेचे ३५. संपला विषय.

तर्रीवाला_४४:
मतं प्लेऑफच्या आधीच पडतात भाऊ, ते धरायचंच नाही. बाकी सोडा, तो लेअप आठवला की अजून झोप उडते.