लिपो बॅटरी चार्ज होत नाही, तातडीने मदत हवी आहे

नवाखलाशी: नमस्कार. रिमोटवर उडणाऱ्या माझ्या मॉडेल विमानाची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी काल रात्रीपासून चार्ज होत नाही. चार्जरला जोडल्यावर तो दोन-तीन सेकंद थांबतो, मग बीप वाजतो आणि व्होल्टेज चुकीचे असल्याची सूचना दाखवून बंद पडतो. आतापर्यंत हीच बॅटरी याच चार्जरवर व्यवस्थित चार्ज होत होती, त्यामुळे सेटिंगचा प्रश्न नसावा. रविवारी विमान उडवायचे आहे, तेव्हा कृपया सरळ उपाय सांगावा. नवीन बॅटरी घ्या, एवढे मात्र कोणी सांगू नये.

शेपूट_पंख: बॅटरी किती सेलची आहे, क्षमता किती, चार्जरवर कोणता प्रकार निवडला आहे, बॅलन्सची तार (चार्जरला एकेक सेल वेगळा दाखवणारी) जोडली आहे का, आणि प्रत्येक सेलचे व्होल्टेज किती आहे, हे कळल्याशिवाय उपाय कसा सांगणार?

जुना_वैमानिक: इतक्या चौकशीची गरज नाही. चार्जर निकेल-मेटल हायड्राइड प्रकारावर ठेवावा, पाच मिनिटे कमी अँपिअरने चार्ज करावे आणि व्होल्टेज वर आले की पुन्हा लिपोवर यावे. मी अशा चार बॅटऱ्या जिवंत केल्या आहेत.

ओहम: वरील सल्ला कृपया कोणीही अमलात आणू नये. निकेलच्या प्रकारात चार्जर एकेका सेलकडे पाहत नाही. बॅटरी भरत आली की व्होल्टेज किंचित उतरते, त्या उताराची तो वाट पाहत बसतो. लिपोमध्ये तो उतार येतच नाही, त्यामुळे पाच मिनिटांनी लक्ष दुसरीकडे गेले, तर सेल 4.2 व्होल्ट ही पूर्ण भरल्याची मर्यादा ओलांडून पुढे जात राहतो आणि शेवटी पेट घेऊ शकतो.

जुना_वैमानिक: लक्ष दुसरीकडे जाऊ देऊ नये, एवढेच त्याचे उत्तर आहे. माझ्या चारही बॅटऱ्यांवर नंतर विमान उडाले.

ओहम: किती वेळा उडाले, हेही सांगावे.

नवाखलाशी: तीन सेल, 2200 मिलीअँपिअर-तास, लिपो प्रकार. ती पांढऱ्या प्लगची बारीक तार मी जोडत नाही, कारण जाड तारेवर काम भागते. आणखी एक गोष्ट म्हणजे, सूचना येण्याआधी पडद्यावर ‘आर’पुढे 2 आणि ‘एस’पुढे 3 असे काहीतरी दिसते. त्याचा संबंध असावा का?

शेपूट_पंख: संबंध आहेच, आणि हीच गोष्ट पहिल्या संदेशात हवी होती. ‘एस’ म्हणजे आपण निवडलेले सेल आणि ‘आर’ म्हणजे चार्जरला सापडलेले सेल. तीन सेलच्या बॅटरीचे एकूण व्होल्टेज इतके खाली गेले आहे, की चार्जरला ती दोन सेलची वाटते. पांढऱ्या प्लगमध्ये चार तारा असतात. काळ्या तारेपासून सुरुवात करून शेजारशेजारच्या दोन टोकांमधले व्होल्टेज मल्टिमीटरने मोजावे, आणि मोजताना मीटरची टोके एकमेकांना चिकटणार नाहीत याची काळजी घ्यावी.

रंगीत_प्लग: मी सर्व बॅटऱ्यांचे जुने प्लग काढून एक्सटी-60 बसवले आणि सूचना येणे थांबले. प्लग बदलून पाहावा.

नवाखलाशी: मोजले. 2.86, 2.91 आणि 1.47.

ओहम: म्हणजे तिसरा सेल गेला. लिपो सेल 3 व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो, आणि दीडच्या आसपास पोहोचलेल्या सेलमध्ये ऋण बाजूच्या पत्र्याचे तांबे विरघळू लागलेले असण्याची शक्यता असते. चार्ज करताना तेच तांबे भलत्या ठिकाणी साचते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. जुना_वैमानिक यांचे विमान त्या चार बॅटऱ्यांवर उडाले असेलही, पण आतले तांबे बाहेरून दिसत नाही. ही बॅटरी इतकी रिकामी झाली कशी?

नवाखलाशी: ते मलाही समजत नाही. मागच्या रविवारी उडवून झाल्यावर विमान तसेच कपाटावर ठेवले आणि काल बॅटरी काढली. मोटरचा वेग सांभाळणारा स्पीड कंट्रोलर सेलमागे 3.2 व्होल्टला बंद होतो, त्यामुळे बॅटरी त्याखाली जाणे शक्य नाही.

शेपूट_पंख: म्हणजे बॅटरी चार दिवस जोडलेलीच होती! स्पीड कंट्रोलर त्या व्होल्टेजला फक्त मोटर बंद करतो. रिमोटचे संकेत घेणारा रिसीव्हर आणि पंखांचे भाग हलवणारे सर्वो चालूच राहतात आणि थेंबथेंब वीज ओढत राहतात. मीही एकदा याच प्रकारे बॅटरी गमावली आहे आणि तेव्हापासून विमान खाली उतरले की आधी प्लग काढतो.

जुना_वैमानिक: सेल 1.47 वर असेल, तर मीही आग्रह धरणार नाही. माझ्या बॅटऱ्या अडीचच्या वर होत्या. ही मिठाच्या पाण्यात दोन दिवस बुडवून फेकून द्यावी.

ओहम: मिठाच्या पाण्यात बहुतेक वेळा आधी प्लग आणि टोके गंजतात, त्यामुळे आतली वीज आतच राहू शकते. मोटारीचा 12 व्होल्टचा बल्ब घराबाहेर, जळण्यासारखे काही जवळ नसताना जोडून ठेवावा, पूर्ण विझल्यावर टोकांना चिकटपट्टी लावावी आणि बॅटरी ई-कचऱ्यात द्यावी. नेहमीच्या कचऱ्यात टाकू नये.

नवाखलाशी: ठीक आहे. माझ्याकडे तशीच दुसरी बॅटरी आहे. ती तीन महिन्यांपूर्वी पूर्ण चार्ज करून ठेवली होती, तेव्हा रविवारी तीच वापरतो. उडवून झाल्यावर ती पुन्हा चार्ज करताना किती अँपिअर द्यावेत?

शेपूट_पंख: 2.2 अँपिअर, म्हणजे एक सी (बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्याइतका प्रवाह), आणि पांढरा प्लग जोडून बॅलन्स प्रकारातच, न जळणाऱ्या फरशीवर आणि आपण खोलीत असताना. उडवून आणल्यावर बॅटरी गरम असेल, तर गार होईपर्यंत थांबावे. परंतु पूर्ण भरलेली बॅटरी तीन महिने ठेवायला नको होती. ठेवायची असल्यास प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवतात. उडवण्याआधी ती फुगलेली नाही ना, हे पाहावे.

नवाखलाशी: फुगलेली नाही. फक्त विमानाच्या कप्प्यात पूर्वीपेक्षा जरा घट्ट बसते.

ओहम: ती बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवावी आणि एका कोपऱ्यावर बोट दाबावे. डुलते का?