भाऊ दारूपायी जामिनाच्या अटी पाळंना, बेल रद्द होईल का?

धाकटा भाऊ मारामारीच्या केसमधी जामिनावर हाय. दर रविवारी ठाण्यात हजेरी अन् तारखेला कोर्टात यायचं अशी अट हाय, पण दोन रविवार गेलाच नाही अन् मागच्या तारखेला इथं परभणीत बसस्टँडवर पिऊन पडलेला सापडला, हात थरथरायलेत, आता वॉरंट निघालंय. जामिनाला मामाचा सातबारा हाय, माय रात्रभर झोपंना. काय करावं?

— ताई, पोलिसांनी उचलायच्या आधी त्याला वकिलासोबत स्वतःहून कोर्टात उभा करा, वॉरंट रद्दचा अर्ज द्या. मामाला जामीनदार म्हणून रक्कम भरायची नोटीस येऊ शकते, त्याला आजच सांगून ठेवा.

— नशेत होतो म्हणून तारीख चुकली हे कारण कोर्ट मानत नाही. पण बेल आपोआप रद्द बी होत नसती. १९९४ च्या दोलतराम निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय, दिलेला जामीन काढायला ठोस कारण लागतं. मात्र पळून जाणं, साक्षीदाराला धमकावणं, अटी मोडत राहणं ही तशीच कारणं धरतात, म्हणून पुढची हजेरी चुकवू नका.

— व्यसनमुक्ती केंद्रात भरती केलं तर कागद, डॉक्टरची चिठ्ठी जोडा अन् हजेरीत सूट मागा, न विचारता ठेवू नका. एकदम दारू बंद झाली की झटके येतात, माझ्या चुलत्याला आलते, म्हणून आधी दवाखाना. १४४४६ ह्या नशामुक्ती हेल्पलाइनला फोन लावा, फुकट हाय.

— गांजा-गोळ्याची केस असली तर वेगळं, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ६४अ मधी कमी माल असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून उपचार मागितले तर खटल्यातून सूट मिळू शकते. दारूला ते लागू नाही.

— उद्याच वकिलाकडं जाते. मामाला आत्ता फोन केला, रडायलाय बिचारा.