कोलवाळचे कच्चे कैदी: सत्ताधारी आणि विरोधी आमदारांच्या सह्या एकाच निवेदनावर कशा मिळवाव्यात?

सत्तरीकर: गोव्यातल्या कोलवाळ मध्यवर्ती कारागृहातल्या कच्च्या कैद्यांसाठी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेल्यांसाठी, निवेदन तयार करतोय. अधिवेशनाआधी दोन्ही बाजूंच्या आमदारांना भेटायचे आहे. मागणी नेमकी काय ठेवावी? गुन्हेगारांची बाजू घेतल्यासारखे दिसले, तर सही कोणीच करणार नाही.

बार्देश_वकिली: नवा कायदा मागूच नका. आहे तो पाळा, एवढेच मागा. त्याला नाही म्हणणे कुठल्याच पक्षाला जड जाते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याचे, कलम ४७९ घ्या. पूर्वी कधीच दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला बंधपत्रावर सोडायचे. इतरांना निम्मा काळ. म्हणजे कमाल शिक्षा सात वर्षांची असेल तर पहिल्याला २८ महिने, दुसऱ्याला ४२. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे यात येत नाहीत, हे आमदारांना आधीच सांगा. निम्मा विरोध तिथेच मावळतो.

मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करायचा तो तुरुंग अधीक्षकांनी. हे निवेदनात सर्वांत वर हवे. संहिता लागू झाली त्या १ जुलै २०२४ पूर्वीच्या खटल्यांनाही हे कलम लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी स्पष्ट केले आहे.

घोडे अडते पोटकलम २ पाशी. एकाहून जास्त गुन्हे किंवा खटले प्रलंबित असतील तर सुटका नाही. शब्दरचना इतकी सैल आहे, की एकाच एफआयआरमधल्या दोन कलमांवरही सरकारी वकील बोट ठेवू शकतो.

मेरशी_कोर्ट: जामीन मंजूर होऊनही आत राहणाऱ्यांना विसरू नका. ३१ जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांनुसार आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात जायला हवी. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. महिना उलटला, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका रखडण्याचे एक कारण म्हणून तिथेच नोंदले आहे. परराज्यातून बांधकामावर आलेला मजूर म्हापशात जामीनदार आणणार कुठून? ही अट लावलीच जाऊ नये, असा अर्ज वकिलाने जामिनाच्या सुनावणीतच करावा.

फोंडेकर_ताई: अमेरिकेचा तुरुंग आणि शिक्षा सुधारणांचा २०१८ चा कायदा, ‘फर्स्ट स्टेप ॲक्ट’, सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ मतांनी संमत झाला. कोणाला तुरुंगांवरचा खर्च खटकत होता, कोणाला शिक्षेतला अन्याय. कारणे वेगळी होती, मत एकच पडले. सत्तरीकरबाब, तुम्हीही तसेच करा: मागणी एक, सोबतची पत्रे दोन.

पण सह्यांआधी एखाद्या आमदाराकडून विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकून घ्या. कलम ४७९ ची मुदत भरलेले किती? त्यातल्या कितींसाठी अधीक्षकांचा अर्ज गेला? जामीन मिळून सात दिवसांहून जास्त आत असलेले किती? कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीच्या वर्षभरात किती बैठका झाल्या? आकडे उत्तर आणि दक्षिण गोव्याचे वेगवेगळे मागा, महिलांचे स्वतंत्र. नुसता ‘एकूण कच्चे कैदी किती’ असा प्रश्न गेला तर एक संख्या मिळेल आणि तिचा निवेदनाला काहीच उपयोग होणार नाही.