मदत हवी आहे : दत्तकामुळे वाय गुणसूत्राची रेषा तुटली असल्यास काय करावे?

सस्नेह नमस्कार. आमचे घराणे गायकवाडी अमलात कोकणातून बडोद्यास आले असे घरात सांगतात, परंतु दांडिया बाजारातील जुन्या घरात सापडलेली, कडा वाळवीने खाल्लेली वंशावळ मोजक्या पिढ्यांवरच थांबते. लाळेच्या नमुन्यावरून केलेल्या तपासणीत माझ्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा (जो फक्त आईकडून येतो) गट ‘एम’ निघाला. भारतात तोच सर्वाधिक आढळतो आणि त्याची मुळे हजारो वर्षे मागे जातात, त्यामुळे कोकण-बडोदे प्रवासाबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

वाय गुणसूत्र वडिलांकडून फक्त मुलग्याकडे जाते, स्त्रियांत ते नसते, त्यामुळे वडिलांकडच्या रेषेसाठी पुरुषाचाच नमुना हवा. वडील हयात नाहीत, सख्खा भाऊ नाही, आणि आतेभावाकडे त्याच्या वडिलांची रेषा. आजोबांच्या भावाचे नातू नमुना देण्यास तयार आहेत, परंतु त्यांचे वडील दत्तक आलेले. (बडोद्यास याचे नवल नाही, खुद्द सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले.) दत्तक भाऊबंदांतलाच असेल तर रेषा अखंड राहते, बाहेरचा असेल तर तुटते, आणि हे आज सांगणारे कोणी उरलेले नाही.

अशा वेळी कोकणातील एखाद्या भाऊबंदाच्या वाय गुणसूत्राशी ताडून पाहणे पुरेसे ठरेल का, आणि त्यासाठी त्या गुणसूत्रावरील किती खुणांची (मार्कर) तपासणी सांगावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.