वनस्पतीप्रेमी आणि संशोधकांचं संमेलन भरवायचंय, सल्ला हवाय

पानोपानी: नमस्कार मंडळी. आमचा झाडवेड्यांचा ग्रुप आहे, घरी निवडुंग-ऑर्किड वाढवणारे, रानात फुलं बघत फिरणारे आणि थोडे वनस्पतीशास्त्राचे संशोधक. दोन दिवसांचं संमेलन करायचंय, शंभरेक लोक. खर्च फक्त नोंदणी शुल्कातून, प्रायोजक नकोत हे ठरलंय, म्हणजे हॉल साधाच. प्रश्न दोन: हौशी आणि संशोधकांची सत्रं वेगळी ठेवावीत की एकत्र? आणि रोपांची अदलाबदल ठेवावी का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सांगा.

निवडुंगवेडा: हॉटेलचा एसी हॉलच घ्या, साध्या हॉलमध्ये प्रोजेक्टर दिसत नाही. आणि बाहेरच्या देशातला एक मोठा वक्ता बोलवाच, त्याशिवाय लोक येत नाहीत. आम्ही बोलावला होता, हॉल खच्चून भरला.

हर्बेरियमवाली: सत्रं वेगळीच ठेवा. वर्गीकरणावरचं भाषण सुरू झालं की हौशी मंडळी उठून स्टॉल बघायला जातात, वक्त्याला फार वाईट वाटतं. संशोधन मांडणाऱ्या पोस्टरचं माप आधीच कळवा, ए-झिरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंमी, उभं की आडवं तेही लिहा, नाहीतर अर्धी पोस्टरं बोर्डाच्या बाहेर लोंबतात. आणि झाडाचा नमुना कागदात दाबून वाळवण्याचं प्रात्यक्षिक ठेवाच. कागद रोज बदलावे लागतात, आणि तारीख, ठिकाण, गोळा करणाऱ्याचं नाव नसेल तर तो नमुना अभ्यासाच्या कामाचा राहत नाही, हे हातात घेऊन दाखवल्याशिवाय पटत नाही कोणाला.

ऑर्किडमावशी: अदलाबदल नको म्हणजे नको!! एका संमेलनातून आणलेल्या कुंडीत मुळांना पिठ्या ढेकूण ही कीड होती, वरून पान एकदम टवटवीत. माझी अख्खी रॅक गेली. ठेवायचीच असेल तर माती झटकून, मुळं उघडी करून टेबलावर, आणि घरी नेलं की आधी बाकीच्या झाडांपासून लांब.

निवडुंगवेडा: @ऑर्किडमावशी एका ढेकणामुळे सगळी अदलाबदल बंद? लोक त्यासाठीच तर येतात.

बी_बियाणं: मावशींना अनुमोदन, मुळं उघडी करूनच. आणि परदेशातले पाहुणे रोपं घेऊन येणार असतील तर साइट्स (CITES) बघा. धोक्यातल्या वनस्पती-प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा १९७३ चा करार आहे. ऑर्किडचं अख्खं कुळ आणि जवळजवळ सगळे निवडुंग त्याच्या याद्यांमध्ये आहेत, सीमेपार न्यायला परवाना लागतो, वर रोगमुक्त असल्याचा दाखला वेगळा. 'बॅगेत एकच छोटंसं आहे' हे कस्टमवाले ऐकून घेत नाहीत.

निवडुंगवेडा: लेबलं तरी कुठल्या नावाने करणार? सॅन्सेव्हिएरिया (स्नेक प्लांट) म्हणे आता ड्रॅसीना, रोजमेरी साल्वियात गेली. दर वर्षी नवीन नाव. लोकांना जुनी नावंच माहीत आहेत, तीच लिहा.

हर्बेरियमवाली: उगाच बदलत नाहीत हो. डीएनए तपासल्यावर सॅन्सेव्हिएरिया ड्रॅसीनाच्या आतच बसते असं दिसलं. लेबलवर नवीन नाव वर, जुनं कंसात, झालं की.

रानवाट: नावांवरून भांडू नका, त्याच्यासाठी वेगळा धागा काढा. रानातल्या फेरीबद्दल कोणीच बोललं नाही अजून. फुलोऱ्याच्या हंगामातच तारीख धरा आणि फेरीला दहा-बारा जणांमागे एक जाणकार द्या, जास्त झाले की मागच्यांना काही ऐकू येत नाही आणि पुढचे रोपं तुडवतात. दुसरं, दुर्मिळ झाडांच्या जागा स्लाइडवर दाखवू देऊ नका. दक्षिण आफ्रिकेत कोनोफायटम या छोट्या रसाळ रोपांची केवढी चोरी झाली वाचा जरा. मोबाइलच्या फोटोतही लोकेशन असतं, ते काढून मगच ग्रुपवर टाका. आयनॅचरलिस्ट हे निसर्गातल्या नोंदी टाकायचं अ‍ॅप धोक्यातल्या प्रजातींची जागा आपोआप अंदाजे दाखवतं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं काही होत नाही, तिथे कोणीतरी सरळ मॅपची पिनच टाकतं.

बी_बियाणं: +१ जागा लपवण्याला. आणि मीही हेच म्हणतो, सत्रं वेगळी.

निवडुंगवेडा: सत्रं वेगळी. एसी हॉलचं विसरू नका.

पानोपानी: सगळ्यांचे मनापासून आभार. एसी हॉल आणि परदेशी वक्ता शुल्कात बसत नाही, पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच होतं. पोस्टरचं माप, लेबलं आणि जागा लपवणं हे सगळं घेतलं. अदलाबदल दुसऱ्या दिवशी शेवटी, हॉलच्या बाहेर, मुळं उघडी करूनच.

पण सत्रं एकत्रच ठेवतोय. वेगळी ठेवली तर दोन्हीकडची माणसं दोन दिवस एका छपराखाली राहून एकमेकांशी न बोलता घरी जातील, आणि मग संमेलन कशाला? म्हणून उद्घाटनाच्या आधी, पहाटेच फेरी. एका गटात एक संशोधक, बाकी हौशी, आणि भाषणं आधी नाहीतच. दहापट भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि फूल भिंगाजवळ आणायचं, एवढं जमलं तरी सूर्यफुलाची 'पाकळी' हे स्वतंत्र फूल आहे आणि मधल्या तबकडीत शेकडो छोटी फुलं दाटीने बसलीत हे ज्याचं त्याला दिसतं. ते बघितलेला माणूस दुपारी वर्गीकरणाच्या भाषणातून उठून जाईल असं मला वाटत नाही. हर्बेरियमवाली, दाबायचं प्रात्यक्षिक तुम्ही घ्याल का? फेरीतलंच साधं, भरपूर उगवणारं काहीतरी घेऊ, व्यनि (खाजगी निरोप) करते.

हर्बेरियमवाली: घेते. पण वेगळी सत्रंच बरी, हे माझं मत कायम आहे. जुनी वर्तमानपत्रं भरपूर जमवून ठेवा, चकचकीत कागद नको, तो ओल शोषत नाही.